वारुळावरचं पाचट

श्री

मांडवगण फराटा
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय शंकर,

जय भीम. वर 'श्री' लिहिलंय, हाताची सवय आहे, चालवून घे.

आम्ही सगळे खुशाल. अनिताचा गुडघा दुखतो, पण ती शेतात जायची थांबत नाही. आई, सीमावहिनी आणि सम्राट बरे असतील. दत्ताच्या टेम्पोतून उसाच्या पाचटाची उरलेली पोती पाठवतोय, त्यासोबतच ही चिठ्ठी. फोनवर सांगितलेलं तू ड्यूटीवर जाता जाता ऐकतोस आणि वहिनींना सांगायचं विसरतोस. म्हणून लिहूनच देतो.

परवा आपण वाफे झाकले ते चांगलं झालं. दौंडचं ऊन मार्चपासूनच जमीन भाजतं, आणि तुझ्या प्लॉटची माती म्हणजे निम्मा मुरूम. उघडी ठेवली तर सकाळचं पाणी दुपारी दिसत नाही. आता एवढंच पाळा. आधी पाणी, मग पाचट. शिरूरच्या बंगल्यांत मी रोज बघतो, लोक कोरड्या मातीवर पाचट पसरतात आणि वरून पाइप धरतात. पाणी पाचटच पिऊन टाकतं, मुळाला काही पोचत नाही. थर चार बोटं जाड असू दे. खोडाला चिकटवू नका, ताटलीएवढी जागा मोकळी ठेवा. वाऱ्यानं उडायला लागलं तर वरून शेणकाला शिंपडा.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, उन्हाळा तोंडावर आणि झाडांना गोधडी घालताय?" त्यांना सांग, ही गोधडी थंडीची नाही, उन्हाची. सणसवाडीच्या कंपनीत माळी होतो तेव्हा मीही असाच हसलो होतो. आता लोक मला मल्चिंगवाला म्हणूनच ओळखतात.

पिंपळ घराच्या एवढा जवळ नको, हे माझं म्हणणं कायम आहे. पण आईंपुढे तुझं चालत नाही, तिथं माझं काय चालणार? गयेहून मांडीवर आणलेलं रोप, इतकी वर्षं क्वार्टरच्या गॅलरीत कुंडीत वाढवलेलं. आता स्वतःच्या घराच्या मातीत लागलं, त्या दिवशी आईंचा चेहरा मी बघितला. "म्हस्कूच्या हातनं लागलंय, आता जगंल," म्हणाल्या. आणि वहिनी लगेच, "भाऊजी, आमच्या पिंपळावर मुंजा नसतो हां, संध्याकाळचं पण बिनधास्त येत जा." तुमच्या घरात बोलण्यात कोण कुणाला ऐकेल!

पूर्वेच्या कोपऱ्यात, कंपाउंडला लागून, पाचट जरा जास्त टाकलंय. ते उकरू नका. तिथली जमीन खराब आहे. पुढे आलो की मी बघतो.

आईंना नमस्कार.

तुझा
म्हस्कू


मांडवगण फराटा
१९ एप्रिल २०२४

प्रिय शंकर,

जय भीम. जयंतीला आलो तेव्हा घाईत निघालो, त्याचा राग मानू नको. केडगावला एकाच्या बागेचं काम अर्धं होतं.

इकडे ऊन फार आहे. नदीला पाणी आहे म्हणून ऊस तरला. म्हसोबाची जत्रा झाली. यंदा गर्दी कमी होती. मी देवळात गेलो, पण फार वेळ उभं राहवलं नाही. फरशी तापली होती.

तुझा काल फोन आला त्याबद्दल. पिंपळाची पानं गळतात हे मी आलो तेव्हाच पाहिलं होतं. वहिनींना सांगितलंही होतं, पुन्हा लिहितो. पाणी जास्त होत असावं. पाचटाखाली ओल टिकते, वरून दिसत नाही, माणूस घालत राहतो आणि मुळं गुदमरतात. आता आठवड्यातून एकदाच पाणी द्या. बाकी काही करू नका. खोडाजवळ खणू नका.

आई वहिनींशी बोलत नाहीत असं तू म्हणालास. वाईट वाटलं. म्हातारं माणूस आहे, दोन दिवसांनी विसरतील. झाडाचं काय, जगतं किंवा जातं. वहिनींनी मनाला लावून घेऊ नये. मुद्दाम कुणी करत नाही.

दत्ता पुढच्या आठवड्यात दौंडला येतोय. त्याच्याकडे शेवग्याच्या शेंगा देतो.

सम्राटच्या परीक्षा झाल्या का? अनिता विचारत होती.

तुझा
म्हस्कू


मांडवगण फराटा
२५ मे २०२४

प्रिय शंकर,

जय भीम.

पौर्णिमेला तुझ्याकडून निघालो आणि दौंडच्या स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. बाकावर बसून राहिलो. पुन्हा तुझ्या घरी यावं असं वाटत होतं, पण पाय उठत नव्हते. शेवटी तिसऱ्या गाडीत बसलो. त्यानंतर दोनदा तुला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. म्हणून हे पत्र, दत्ताच्या हाती देतोय. ते तू एकट्यानं वाच आणि मग वहिनींना दे.

पिंपळ वहिनींच्या पाण्यानं गेला नाही. तो वाळवीनं गेला. आणि वाळवी तुझ्या अंगणात आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पूर्वेच्या कोपऱ्यात मी जास्त पाचट टाकलं, तिथं वारूळ आहे. गुडघ्याएवढं, बाभळीच्या जुन्या बुंध्याला धरून. तू विटा रचल्या होत्यास त्यांच्या मागं होतं, म्हणून तुझ्या नजरेला आलं नाही. माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट ही की पाचट टाकण्याआधी जागा फिरून बघायची. वारूळ दिसलं की मी मालकाला दाखवतो. मालक माणूस लावून ते मुळातून खणून घेतो, औषध सोडतो, मगच मी कामाला लागतो. माझा हात त्याला लागत नाही, एवढी माझी अट सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी हसतं, कुणी नाही. पण मी दाखवल्याशिवाय कधी राहिलो नाही. तुझ्याकडे राहिलो.

माझ्या आईला भाऊ नव्हता, हे तुला माहीत आहे. नागपंचमीला ती ओढ्याकडच्या वारुळाला दूध-लाह्या घेऊन जायची आणि आम्हाला म्हणायची, "चला, मामाच्या घरी जायचंय." दुसरा मामा आम्ही पाहिला नाही. वारूळ दिसलं की माझा हात आपोआप छातीशी जातो. त्या दिवशीही गेला. तू आत चहा सांगायला गेला होतास. तगरीचं एक फूल मी त्याच्यावर ठेवलं आणि वर पाचटाचे भारे ओढले. पूजा केली असं मला तेव्हा वाटलं. आज कळतं की मी ते लपवलं.

वाळवीला सावली लागते, वाळकं खाणं लागतं, आणि कुणी उकरायला नको असतं. मी सगळं पुरवलं आणि वर चिठ्ठीत लिहिलं, उकरू नका.

यापुढचं लिहायला जड जातंय.

जयंतीला आलो तेव्हा मी पिंपळापाशी बसलो होतो. पाचट सारलं तर खोडाला मातीचा पापुद्रा चढलेला. खाली साल खाल्लेली. मी तो पापुद्रा अंगठ्यानं पुसला आणि पाचट परत ओढलं. तेवढ्यात वहिनी आल्या, "काय झालं असेल हो?" त्यांच्या हातात पाण्याची कळशी होती. त्या कळशीकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी जास्त होतंय." आधी ठरवलं नव्हतं, शंकर. पण नंतर घरी येऊन शांतपणे तेच तुला कागदावर लिहिलं, ते मात्र ठरवून. आणि त्यांनी माझं ऐकून पाणी तोडलं. तहानलेल्या झाडाला वाळवी आधी धरते. ओल मिळाली असती तर कदाचित ते रोप तगलं असतं. म्हणजे वारूळ लपवलं तेव्हा झाड धोक्यात टाकलं, आणि खोटं बोललो तेव्हा ते मारलं.

मला वाटलं होतं, आई चार दिवस बोलणार नाहीत आणि मग सगळं निवळेल. पौर्णिमेला कळलं की निवळलं नाही. तुमचे सगळे पाहुणे बसलेले. सणसवाडीची तुझी मेहुणी दीक्षा आईंच्या कानाशी वाकून मोठ्यानं, पण सहजच म्हणाली, "आजी, बोधीचं झाड कुठंय? फोटो काढायचाय." आणि आई खाटेवरून बोलल्या, "गयेवरनं मांडीवर आणलं मी. गाडीत झोपले न्हाई, कुणाचा पाय लागंल म्हणून. आन् हिनं बुडवलं. आता मला मराया तरी सावली कुठं हाय?" वहिनी पाहुण्यांना खीर वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या वाटीत खीर वाढली, त्याच्या पुढच्या वाटीत वाढली. तू म्हणालास, "आई, गप बस ना." खरं मला माहीत होतं, मी ते सांगितलं नाही.

मग आईंनी मला जवळ बोलावलं आणि त्यांची वाटी माझ्यापुढे केली. "म्हस्कू, तू खा. तू लई जीव लावला हुतास." लहानपणी आपल्या गावात तुझ्या आईला सगळे नुसतं सोजर म्हणायचे. माझ्या घरातले पण. तिच्या हातचं पाणी आमच्या ओट्यावर चालत नव्हतं. त्याच बाईच्या वाटीतली खीर मी खाल्ली आणि ती माझी तारीफ करत राहिली. प्रत्येक घास मी गिळला. आता ती चव जिभेवरून जात नाही.

निघताना वहिनी माझ्यामागून बागेत आल्या. वाळलेल्या खोडापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला कळतं यातलं. माझ्याच पाण्यानं गेलं ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, वहिनी."

फाटकापाशी तू म्हणालास की डॉक्टरांनी आईंची फारशी आशा दाखवली नाही. हृदय थकलंय. ते ऐकून मी गाड्या सोडल्या. त्या अशाच गेल्या तर वहिनींच्या डोक्यावर हे कायमचं बसेल, आणि ते उतरवणारं माणूस जगात राहणार नाही.

तू विचारशील, मला का सांगितलं नाहीस? मी स्वतःला आजवर सांगत आलो की तू हसला असतास, म्हणून नाही सांगितलं. पण ते खरं नाही. इतक्या वर्षांत तू माझ्या देवाला कधी तोंडावर हसला नाहीस. खरं हे की मी हात जोडले असते तर तू ते वारूळ राहू दिलं असतंस. "राहू दे, तुझा मामा हाय," म्हणाला असतास आणि पाचटाऐवजी खडी टाकायला सांगितली असतीस. आणि मग माझा देव तुझ्या अंगणात तुझ्या मेहेरबानीवर राहिला असता. मांडवगणातल्या आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ते सोसवलं नसतं. मागण्यापेक्षा लपवणं मला सोपं गेलं. हे मला स्टँडवरच्या त्या बाकावर कळलं. तुझ्याबरोबर एका बाकावर बसून शिकलो, तुझ्या घरी जेवतो, म्हणून माझ्यात ते काही उरलं नाही असं मी धरून चाललो होतो.

आता कामाचं. उद्याच्या उद्या सगळं पाचट झाडांपासून ओढून बाहेर काढ आणि जाळू नको, लांब नेऊन टाक. लिंबाचं आणि मोगऱ्याचं खोड तपास. मातीचा पापुद्रा दिसला तर खरडून काढ आणि भरपूर पाणी दे. भिंतीला लागून काहीही वाळकं ठेवू नको, नाहीतर वाळवी चौकटींना लागेल. वारुळाचं काय करायचं ते तू आणि वहिनी ठरवा. घर तुमचं आहे. खणायला माझा हात आजही धजणार नाही, हे मी तुझ्यापासून आता लपवत नाही. पण तू कुदळ मारशील तेव्हा मी शेजारी उभा राहीन आणि तोंड फिरवणार नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. वहिनींची माफी मी वेगळी मागीन, ती त्यांनी द्यावी असा हट्ट नाही. पण आधी मला आईंच्या खाटेशी बसू दे आणि वहिनींना तिथंच थांबायला सांग. तू माझ्या वतीनं बोलू नको. मला सांभाळून घ्यायची तुझी सवय मला माहीत आहे, ती त्या दिवसापुरती बाजूला ठेव. आईंना आता कानाशी ओरडून सांगावं लागतं. म्हणजे शेजारच्या घरांना ऐकू जाईल, रस्त्यावरच्यांनाही जाईल. खिडक्या लावू नको.

सीमावहिनींवर आळ घेणारा
म्हस्कू