धुराड्यावरचा अंगठा

अण्णा, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता कितीतरी म्हातारी आहे, तेव्हा थोडं दटावून बोलले तर ऐकून घ्यायचं. लिहितेय नात. मला अक्षर येत नाही, पण बोलणं तुमच्यासमोरही कधी अडलं नव्हतं.

त्या रविवारी तुम्ही कॅमेरा आणि त्याचे तीन लाकडी पाय खांद्यावर टाकून मला घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात गेलात. फाळणीत आलेले सिंधी लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होते. सगळ्या बराकी एकाच तोंडवळ्याच्या. तुम्ही म्हणालात, "भिंती काय बघतेस, दारापुढं बघ." एकीपुढं गोणपाटाचा मांडव, दुसरीपुढं खाटेवर पापड, तिसरीनं दारातच दुकान थाटलेलं. पण फोटोत रांगेच्या टोकाला आपल्या कारखान्याचं धुराडं येत होतं. सरकारी कारखाना, त्याचा फोटो काढायला बंदी, आणि तुम्ही तिथलेच कामगार. नोकरी गेली की कारखान्यानं दिलेली अंबरनाथची खोलीही जाणार. मी बोट दाखवलं, तर म्हणता, "रांग कुठंतरी संपायला हवी ना?" धन्य तुमची!

दुपारी घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावून, कंदिलाला लाल कागद गुंडाळून तुम्ही फोटोची काच धुवायला बसलात; तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा. मी बाहेर राखणीला. तेवढ्यात कारखान्याचा पहारेकरी दारात. "बाप कुठाय? फोटो काढताना बघितलंय त्याला." दार उघडलं तर उजेडानं काच जाणार, नाही उघडलं तर तुम्ही चोर. मी म्हटलं, "आत आई न्हातेय." मोरी स्वयंपाकघरातच, परका पुरुष थांबणारच. थांबला. आणि समोरून आई येतेय, कमरेवर कळशी, केस कोरडे ठणठणीत.

आईनं मला बघितलं, त्याला बघितलं. "जाऊबाईंचं अजून आटपलं नाही का गं?"

"एका मोरीत किती बायका, वहिनी?"

"मोजायला आत जाताय?"

तो हलला नाही. आत पाणी ओतल्याचा आवाज, आणि मग जाऊबाई खोकल्या. खोकला तुमचा.

काच धुऊन झाली, तसं दार उघडलं. ओली काच उजेडाला धरून तुम्ही बाहेर आलात. "बघा, बराकी आहेत. कारखाना कुठाय यात?" तो वाकला. काचेवर सगळं उलटं, आभाळ काळं, सावल्या पांढऱ्या, आणि टोकाला तुमचा अंगठा, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला.

"माझ्या हातात द्या."

"ओली आहे, ओरखडा उठेल."

आईनं कळशी उतरवलीच नव्हती. तो पुष्कळ वेळ तुमच्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या पोरांचाही एक काढा कधीतरी," आणि गेला. त्याला कळलं होतं की नाही, यावर आई आणि मी पुढं जन्मभर भांडलो.

ओल्या काचेवर अंगठा उमटला तो उमटलाच. फोटोत रांगेच्या शेवटी धुराडं नाही, तुमच्या रेषा आहेत. नात म्हणाली, "आजी, हा डाग कॉम्प्युटरवर साफ करून देते." अशी ओरडले तिच्यावर! तुम्ही कायम कॅमेऱ्यामागं, काळ्या कापडात. तुमचा एकही फोटो नाही. आणि अण्णा, तुमचा चेहरा मला आता आठवत नाही. हे तिलाही आत्ताच कळलं, हात थांबलाय तिचा. हा कागद कुठं धाडायचा नाही, राहू दे म्हटलं घरातच, त्या फोटोपाशी.