अक्कांचं ‘डिस्डेनफुली’

बेंबळी, ता. ९ ऑगस्ट १९६१

तीर्थस्वरूप शांताक्का यांना बंडप्पाचा शरणार्थ.

गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांच्या विड्या लपवा, पण मी सुचवलं असं सांगू नका.) मी इथं खुशाल आहे आणि या खुशालीचं सगळं श्रेय तुमचं आहे. कसं ते सांगतो.

आठवीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘डिस्डेनफुली’ असा शब्द आला. मी अर्थ सांगितला, तुच्छतेनं. पोरं नुसती बघत राहिली. तिरस्कारानं म्हटलं, तर एक जण म्हणाला, “म्हंजे रागानं का, गुरुजी?” आता राग वेगळा आणि हे वेगळं. रागावलेला माणूस समोरच्याला निदान मोजतो तरी. तेवढ्यात तुमची आठवण झाली. दुसऱ्या कुणा बाईच्या हातची भाकरी ताटात आली की तुम्ही ती दोन बोटांनी कडेला धरून उचलता, मागची बाजू बघता, होती तिथं ठेवता आणि म्हणता, “भूक न्हाय.” (आईमाघारी तुम्हीच मला वाढवलंत. कधी हात उगारला नाही. मी त्या दोन बोटांच्या धाकानंच सरळ झालो.) मी डब्यातली भाकरी काढून पोरांना सगळं करून दाखवलं. भाकरी माझ्याच हातची होती, त्यामुळं सोंग आणावं लागलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणीला सिद्रामप्पा साहेब आले. माझी नोकरी कायम होणं त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्यांनी नेमका तोच शब्द विचारला. अख्ख्या वर्गानं वह्या दोन बोटांनी उचलल्या, मागून बघितल्या, खाली ठेवल्या आणि साहेबांना एका सुरात सांगितलं, “भूक न्हाय.” साहेब हळूच म्हणाले, “आमच्या घरी रोज बघतो मास्तर, पर त्येचा अर्थ ह्यो, हे आज कळलं.” शेरा उत्तम मिळाला, नोकरी कायम झाली. अक्का, तुमचे उपकार कसे फेडू, खरंच कळत नाही.

तुमचा धाकटा,
बंडप्पा

ता. क. : साहेबांना लक्ष्मम्मा नावाची मुलगी आहे. तुम्ही आणि भावजींनी सोमवारी बघायला यावं असा त्यांचा निरोप आहे. स्वयंपाक तीच करणार. आजवर माझ्यासाठी पाहिलेल्या सगळ्या मुली तुमच्या दोन बोटांतून निसटल्या. या खेपेला भाकरी उलटी करू नका.

आणखी एक : तपासणी झाल्यावर साहेबांनी मला घरी जेवायला नेलं होतं. तिची भाकरी जाड असते आणि मागच्या बाजूनं करपते. मी ती खाल्ली, अक्का, आणि अजून एक वाढायला सांगितली.