कॉर्सेट विकतचा की घरचा?

प्रिय म्यूरिअल वन्संना,

हेस्टरचा नमस्कार. स्कारबरोच्या समुद्रवाऱ्याने तुमचा गुडघा फार छळत नसेल अशी आशा करते. (फेब्रुवारीपासून आपलं बोलणं नाही, त्यामुळे सध्या कुठला गुडघा ते मला ठाऊक नाही.) मी बरी आहे. म्हणजे जेवते.

पत्रास कारण कॉर्सेट. जूनमध्ये आमच्या गावात जुन्या काळचा मेळा भरतो, तुम्ही पाहिलाय. बावीस वर्षं तुमचा भाऊ त्यात राणीच्या काळातला पोस्टमन व्हायचा आणि मी पोस्टमनची बायको (अभिनय करावा लागत नसे). यंदा क्लेमशिवाय जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण शेजारची थेल्मा दारात येऊन म्हणाली, "तू ये गं. पोस्टमन लांबच्या फेरीला गेलाय, असं सांगू लोकांना." आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी हो म्हटलं. कंबर आवळणारा तो जुना कॉर्सेट पेटीतून काढून चढवला, तर तो सरळ घसरून पायाशी! ज्याने बावीस वर्षं मला धड श्वास घेऊ दिला नाही, तो. तीन महिन्यांत मी इतकी वाळले, आणि बघायला घरात माणूस नाही.

तेव्हा नवा विकत आणावा की शिवावा? आधी लीड्सच्या एका दुकानात गेले. तिथल्या पोरीने टेप लावून विचारलं, "कंबर किती कमी करायचीय, आजी?" म्हटलं, "झाली तेवढी पुरे, आता आहे ती टिकव." तिने आणला तो काळ्या जाळीचा, मागे गुलाबी नाडी. पोस्टमनच्या बायकोने असलं काही घातलं असतं तर गावाचं टपाल कधीच वेळेवर पोचलं नसतं. परत आले.

मग शिवायला घेतला. माझी मापं मीच घेतल्यामुळे डावी बाजू उजवीपेक्षा दोन इंच रुंद निघाली, ते उसवलं. आत ताठपणासाठी पूर्वी देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालायचे म्हणे. हल्ली वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्या चालतात, आणि त्या क्लेमच्या परसातल्या खोपट्यात. तो गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. फळीवर त्याचे डबे, त्याच्या अक्षरात: 'खिळे', 'बरे खिळे', 'कशाचे ते माहीत नाही'. उपड्या बादलीवर बसले ती दुपारभर उठले नाही. (हे लिहायचं नव्हतं.) पट्ट्या सापडल्या. नऊ दिवसांत, सात सुया मोडून, कॉर्सेट तयार झाला.

आता अडचण नाडीची. ती पाठीमागे आवळायची असते. क्लेम पाठीला गुडघा लावून ओढायचा आणि म्हणायचा, "श्वास सोड, बाई! पार्सल बांधतोय, जीव नाही घेत." यंदा मी नाडीची टोकं मागच्या दाराच्या मुठीला बांधली आणि पुढे चालू लागले. तेवढ्यात थेल्माने बाहेरून दार ओढलं. आमचं ते दार बाहेर उघडतं. मी उलट्या पावली, आतल्या कपड्यांत, थेट वाफ्यातल्या पालेभाजीवर जाऊन बसले. "अगं, मी नुसती अंडी द्यायला आले होते!" ती ओरडली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग माझं हसणं थांबेना, आणि थोड्या वेळाने थेल्माच्या लक्षात आलं की ते हसणं नाही. नाडी हातात धरून ती तशीच शेजारी चिखलात बसली.

तर जूनच्या दुसऱ्या शनिवारी मेळा आहे. दोन दिवस आधी येऊन नाडी बांधून द्याल का?

तुमची वहिनी,
हेस्टर

ता. क. नाडी थेल्मासुद्धा बांधेल. तेवढ्यासाठी गुडघेदुखीच्या माणसाला गाडीत बसवणं बरं नाही. खरं म्हणजे क्लेमचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. एकटीने होत नाही. मेळ्याला नाही गेलो तरी चालेल.

आणखी ता. क. दफन उरकल्यावर चहाच्या वेळी तुम्ही त्याचा तपकिरी कोट मागितलात आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "माणूस गार तरी होऊ द्या." तुम्ही कप ठेवून निघून गेलात. माझं चुकलं. तो कोट कपाटात नाहीच. तेव्हापासून घरात मीच घालते. आत्ताही अंगावर आहे. तुम्हाला देईन, वन्सं. फक्त आल्या आल्या मागू नका.