वैष्णवीच्या टेस्टची तयारी

२ जानेवारी
संकल्प : यंदा डोकं शांत ठेवायचं. सकाळी गजर आपटून फोडला. तो मोजायचा नाही.

वैष्णवीला शिरूरला दाखवलं. नऊ वर्षांची पोर, दोन वर्षं उंची जागच्या जागी, पोट फुगलेलं, रक्त कमी. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गव्हातलं ग्लुटेन सोसत नसेल, सीलियॅक असू शकतो, रक्ताची टीटीजी टेस्ट करून घ्या. टेस्ट होईपर्यंत रोजची पोळी मात्र बंद करू नका.

हे शेवटचं मला सुलक्षणाने घरी सांगितलं. मी तेव्हा पार्किंगमध्ये होतो. एकाने माझ्या गाडीला पाय लावला होता. दोनच दिल्या. संकल्प उद्यापासून.

३ जानेवारी
बायकोला समजावलं. रांजणगावच्या कंपनीत बारा वर्षं क्वालिटीला काढली. ऑडिट आलं की निवडक पार्ट टेबलावर मांडायचे. वार्षिक मेडिकलच्या आधी अख्खी शिफ्ट पंधरा दिवस गोड आणि दारू सोडते, रिपोर्ट एकदम क्लीन. इथेही तेच करायचं. तीन महिने गहू बंद, मग टेस्ट. सुलक्षणा म्हणाली, अहो, मॅडम तर उलटं म्हनल्या. पोळपाट भिंतीवर मारला. दोन तुकडे. नाहीतरी आता तो लागणार नव्हता.

१९ जानेवारी, सायं. ६
घात! न्हावऱ्याच्या गिरणीवाल्या ईश्वरने आधी कुणाचा तरी गहू दळला आणि त्यावरच आमची ज्वारी ओतली. वर म्हणतो, आवो, चिमूटभर पिठानं काय व्हतंय. मान धरून त्याचं तोंड पिठाच्या डब्यात दाबलं. वर काढला तेव्हा खोकत होता, पण मुद्दा त्याला पटलेला दिसला. गावात म्हणतात मी रागीट आहे. मी काटेकोर आहे.

२६ फेब्रुवारी
वैष्णवीचं पोट उतरलं. वजन दीड किलो वाढलं. शाळेतून उड्या मारत येते. म्हणजे पोरीला काही झालेलंच नव्हतं, सिद्ध झालं. सुलक्षणा म्हणाली, गहू सोडला म्हनूनच बरी झाली न्हवं, एवढं तरी डॉक्टरांना सांगा. ताट भिरकावलं. आमटी पंख्यापर्यंत गेली. पुसायला मीच स्टुलावर चढलो, हे ती कुणाला सांगणार नाही.

३ एप्रिल
टीटीजी निगेटिव्ह! शिफ्टला पेढे वाटले. सगळे म्हणाले, मच्छिंद्रराव, तुमची तयारी म्हणजे तयारी.

५ एप्रिल
रिपोर्ट घेऊन दौंडला, सासरवाडीला. पुरणपोळ्या. वैष्णवी नको म्हणत होती. तिला रिपोर्ट वाचून दाखवला आणि तीन खायला लावल्या. दोन तासांत उलट्या. पोट धरून फरशीवर लोळायला लागली. मेहुणा नवनाथ म्हणाला, दाजी, पोरीला सोसत न्हाई, तिला कागुद कशाला दाखवताय? त्याचा पुढचा दात पडला. सुलक्षणाने दात उचलून माझ्या हातावर ठेवला.

पुरणात काहीतरी खराब असावं.

६ एप्रिल
लॅबवाल्याला म्हटलं, मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखव. हसला. काउंटरची काच फोडली. उजव्या हाताला सात टाके.

८ एप्रिल
मॅडमकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पोळी चालू होती ना? सुलक्षणा माझ्याकडे बघत राहिली.

मॅडम म्हणाल्या, ग्लुटेन पोटात गेल्यावर शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं, त्या ही टेस्ट मोजते. गहूच बंद केला तर त्या उतरतात. या निगेटिव्हला काही अर्थ नाही. म्हटलं, मग सीलियॅक नको, नुसती गव्हाची सेन्सिटिव्हिटी लिहून टाका. त्या म्हणाल्या, तिची वेगळी टेस्टच नसते, आधी सीलियॅक नाही हे ठरावं लागतं. आता सहा आठवडे रोज पोळी, मग पुन्हा रक्त. लागलं तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासू. फार त्रास झाला तर लगेच घेऊन या.

म्हणजे बरी झालेली पोर मीच पुन्हा आजारी पाडायची. टेबलावर हात आपटला. टाके उसवले. मॅडमनी सिस्टरला बोलावलं आणि पुढचा पेशंट आत घेतला.

९ एप्रिल, स. ८
पहिली पोळी. सुलक्षणा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, तुमी केलंय, तुमीच भरवा. वैष्णवी तुकड्याकडे बघत म्हणाली, पप्पा, ह्यानं पोटात दुखतंय. म्हटलं, माहीत आहे बाळा. तिच्या डोक्यावरून फिरवावा म्हणून बँडेजचा हात पुढे नेला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खाते पप्पा, खाते, म्हणाली, आणि न चावताच गिळायला लागली.

मी तिला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही.

अजून एक्केचाळीस दिवस पोळी द्यायची आहे.