भाडेकरूच्या डब्यातले सोनकिडे

मंगळवार, दिवेलागण

"नाय हो साहेब, मला वाटलं डब्यात खारका असतील!" वनखात्याच्या साहेबाला असंच सांगितलं मी. वरच्या खोलीतल्या भाडेकरूला धरून नेलं त्यांनी. डब्यात हिरवेगार सोनकिडे, चोरून परदेशी धाडायला ठिवलेले. मेलेला किडा घेऊन करतात तरी काय तिकडं? काचेत लावून बघत बसतात म्हणं! आमच्या गावाकडं पोरी त्याच्या पंखाची टिकली लावायच्या. काय ते हिरवं!

साहेब म्हणाला, "मावशी, घरात अजून किडे हायेत का? लपवलं तर तुमच्यावर बी केस हुईल."

म्हणलं, "हायेत की. मोरीत झुरळं हायेत, न्या धरून."

हसत गेला बिचारा.

खोटं बोलले मी. ते यायच्या आधीच एक किडा काढून घेतला होता. हे गेल्यापासनं कपाळ मोकळंच होतं. आज दार लावून त्याचा पंख लावला. अजून काढू वाटंना.