भुशाचा खोकला

बा,

तुझ्या खोकल्याबद्दल लिहायचं आहे. सगळा जन्म मी लोकांच्या खोकल्याबद्दल बोलत आले. दवाखान्याच्या ओट्यावर, आठवडी बाजारात, बायकांच्या घोळक्यात बसून विचारत आले: किती दिवसांचा आहे, संध्याकाळी अंग तापतं का, अंगावरचं मांस उतरलं का, थुंकीत लाल दिसतं का. सगळं तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. बोलले नाही ती फक्त तुझ्या खोकल्याबद्दल. माझ्या नवऱ्याशी नाही, मुलांशी नाही, मायशी तर नाहीच. आज लिहिते आहे. वाचून तुला राग आला तर येऊ दे. खरं सांगायचं तर तो यावा अशीच माझी इच्छा आहे, कारण तू माझ्यावर कधी धड रागावलाच नाहीस, आणि त्याचं ओझं मला आता पेलत नाही.

तू डोळ्यांपुढे येतोस तो खड्ड्यातच. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता, गडचिरोली त्यातलंच एक गाव होतं, आणि धानोऱ्याच्या पुढच्या जंगलात यंत्राचा आरा अजून पोचलेला नव्हता. लाकडाच्या डेपोच्या कडेला पुरुषभर खोल खड्डा. त्यावर आडवा टाकलेला सागाचा ओंडका. ओंडक्यावर काका उभा आणि खाली खड्ड्यात तू, मध्ये तो लांबलचक आरा, एक टोक त्याच्या हातात, दुसरं तुझ्या. काका म्हणजे काही आपल्या नात्यातला नव्हे. एटापल्लीकडच्या एका टोल्यावरचा, लहानशा वस्तीवरचा गोंड, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, तुझा जोडीदार. गेरूत भिजवलेली दोरी ताणून ओंडक्यावर रेघ मारायची आणि त्या रेघेवरून वरच्यानं आरा न्यायचा, खालच्यानं ओढायचा. सगळा भुसा पडतो तो खालच्यावर. म्हणून आरा ओढणाऱ्यांत एक दिवसाआड जागा बदलायची रीत होती. तू बदलत नव्हतास. काकाची नजर चांगली, रेघ त्यालाच धरता येते, असं तुझं म्हणणं. दुपारी मी भाकर घेऊन येते तेव्हा तू खड्ड्यातून वर येतोस, आणि तुझ्या भुवया, पापण्या, छातीवरचे केस सगळे पिवळट भुशानं माखलेले असतात. मी हसते. तू मुद्दाम माझ्यासमोर डोकं झटकतोस. खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहिले की मात्र ओरडतोस, कारण ओंडका घरंगळला तर काय होतं ते तू पाहिलेलं आहेस.

आरा ओढणाऱ्या प्रत्येकाला खोकला असायचा. त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं, भुशाचा खोकला म्हणत. काम सुटलं की प्रत्येकानं मूठभर गूळ खायचा, गुळानं भुसा खाली उतरतो म्हणून. आणि पावसाळ्यात काम बंद पडलं की खोकला आपोआप जायचा, ही त्याची खूण. आपल्याकडच्या शहाण्यासुरत्या माणसांचाही यावर असा विश्वास होता की खोकणाऱ्याला कुणी काय झालं म्हणून विचारतच नसे. मी त्या वर्षी सातवी पास होऊन सरकारी दवाखान्यात नर्सबाईच्या हाताखाली लागले होते. सुया उकळायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या, बाटल्या धुवायच्या. त्यामुळे मला दोनचार गोष्टी कळायला लागल्या होत्या, आणि त्याहून जास्त कळतं असं वाटायला लागलं होतं.

त्या पावसाळ्यात तुझा खोकला गेला नाही. तू घरी बसून दोऱ्या वळत होतास, भुशाचा कणही तुझ्या नाकात जात नव्हता, आणि तरी खोकत होतास. धानाची रोवणी झाली, पोळा झाला, खोकला तसाच. संध्याकाळी तुझं कपाळ कोमट लागायचं. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायचास आणि मायनं विचारलं की म्हणायचास, "काई नाई, जरा चमक भरली." कमरेचा करगोटा इतका सैल झाला की मायनं त्याला दोन गाठी मारल्या. गूळ मात्र चालूच होता. उलट मायनं तो वाढवला.

दवाखान्यात तुला मी नेलं नाही, काकानं नेलं. हे मला नीट आठवतं, कारण तिथेच कामाला असून मी नेलं नाही याची मला लाज वाटली होती. नवे डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी तुझ्या पाठीला नळी लावली, बोटांनी टकटक केलं, आणि विचारलं, "खोकला किती दिवस आहे तुम्हाला?"

"भुशाचा आहे जी," तू म्हणालास. "जाते तो."

"काऊन खोटं बोलून राह्यला?" काका दारातूनच म्हणाला. "पावसाळा गेला, तरी नाई गेला तो. सायेब, याले रोज ताप येते. खाल्लेलं अंगी नाई लागत."

डॉक्टर म्हणाले, भुशानं छाती खराब होते, दमही लागतो, पण रोज संध्याकाळी ताप येत नाही. त्यांनी मला एक रुंद तोंडाची बाटली काढायला सांगितली. उद्या सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, छातीतून खोल खोकून जे येईल ते यात धरा, लाळ नको. चांद्याला तपासायला पाठवू. क्षय असला तरी घाबरू नका, आता त्यावर इंजेक्शन निघालंय, चांद्याला मिळतं, काही महिने तिथे राहावं लागेल. हे सगळं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, बा. इंजेक्शन आहे हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाहेर आल्यावर तू काकाला म्हणालास, "आता माह्या तुंब्यातलं पानी नको पिऊ. कागद येईपर्यंत." एका भोपळ्याच्या तुंब्यातून तुम्ही दोघं वर्षानुवर्षं पाणी पीत होतात. घरी येऊन तू तुझा लोटा वेगळा केलास आणि पडवीत निजायला लागलास. तुला कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टर बोलले ते ऐकून तूच ठरवलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू परसात जाऊन खोकलास. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच केलंस, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता. बाटलीला पळसाचं पान बांधून माझ्या हातात दिलीस. "पाह्यून घे. लाल आहे थोडं," म्हणालास. "डाक्टरले सांगजो. लपवू नको."

दवाखाना कोसभर लांब. वाटेत नाला. त्या दिवसांत माझं लग्न ठरत होतं, ब्रह्मपुरीकडचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं सुपारी फोडायला येणार होती. क्षयाच्या घरातली पोरगी कुणी करत नाही, हे मला दवाखान्यात बसून चांगलं समजलं होतं. दोन मुलींची लग्नं अशी मोडलेली मी पाहिली होती. नाल्याजवळ येऊन मी बसले. बाटलीचं पान सोडलं. पातळ लाल धागा होता, तू म्हणालास तसा. मी रेतीत खड्डा केला आणि तुझी थुंकी त्यात ओतून वरून रेती लोटली, व्यवस्थित, नर्सबाईनं शिकवलं होतं तसं. बाटली तीनदा धुतली. मग खाकरून खाकरून तिच्यात थुंकले. निरोगी होते, काही येईना. गळा सोलून निघाला तेव्हा जरासं आलं. डॉक्टरांनी विचारलं, रक्त होतं का? मी म्हटलं, नाही जी.

तू गेल्यावर मी स्वतःला सांगत राहिले की तुझं काम सुटू नये म्हणून मी ते केलं, चांद्याला एकटा पडून तू झुरला असतास म्हणून केलं. इतक्यांदा सांगितलं की काही वर्षं मला ते खरंच वाटत होतं. खोटं आहे. माझं लग्न मोडू नये म्हणून मी ते केलं. मला तो मास्तर हवा होता. तुझा विचार त्या नाल्यावर माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि मी त्याला म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.

कागद आला. दोष नाही. डॉक्टरांची खात्री पटली नव्हती. ते म्हणाले, वडिलांना पुन्हा घेऊन या, छातीचा फोटो काढायला चांद्याला पाठवू. मी म्हटलं, आता बरं आहे त्यांना. तुला यातलं काही सांगितलं नाही. तुला फक्त कागद वाचून दाखवला. आणि तुझा चेहरा, बा! तू लहान पोरासारखा हसलास. पडवीतली वाकळ उचलून आत आणलीस. डेपोवर जाऊन सगळ्यांना सांगितलंस, माह्या पोरीनं कागद आणला, साफ आहे, भुसाच होता. मी भाकर घेऊन आले तेव्हा तुम्ही दोघं सागाखाली बसला होतात आणि काका तुझ्या हातून तुंबा घेऊन तोंडाला लावत होता. मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं.

फाल्गुनात माझं लग्न झालं. तू मांडवात उभा राहिलास, खोकला दाबून दाबून तुझ्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मग मी सासरी गेले. त्या वेळी मी स्वतःला दिलेला शब्द, ते 'मग बघू', तो मी विसरले नाही, टाळला. चैत्र गेला, वैशाख गेला. मृगात निरोप आला तेव्हा तू उठून बसतही नव्हतास. डॉक्टरांची बदली झालेली. बैलगाडीतही तुला नेता आलं नसतं. माय चुलीपाशी गुळाचा काढा उकळत होती आणि मला म्हणत होती, "काऊन उतरून नाई राह्यला गं भुसा?" तू मला जवळ बोलावलंस. तुझा आवाज फुटत नव्हता. विचारलंस, "कागद तं साफ होता ना, पोरी? मंग हे काय आहे?"

मी म्हटलं, "भुसा आहे, बा."

तू मान हलवलीस. तुला पटलं. माझ्यावर तुझा विश्वास होता, त्याचंच तर झालं सगळं. दोन दिवसांनी तू गेलास.

दोन वर्षांनी काका खोकायला लागला. माझ्या मास्तरांची बदली आपल्याच भागात झाली होती आणि मी परत दवाखान्यात जात होते. बाजारात तो मला दिसला, गुळाची ढेप विकत घेत होता. मी त्याच्या हातातून ती ढेप काढून घेतली आणि त्याला तसाच दवाखान्यात नेलं. बाटली मी स्वतः त्याच्यासमोर धरली, स्वतः झाकण लावलं, स्वतः मोटारीत बसून चांद्याला नेली. कागदावर क्षय आला. त्याला तो कुठून आला हे चांद्यात एकटी मीच जाणत होते. तो म्हणाला, मी नाई राहत तिथी, मले माह्या टोल्यावर मरू दे. मी भांडले, रडले, त्याच्या बायकोला पुढे घातलं. अख्खं वर्षभर इंजेक्शनं, कडू पुड्या. बरं वाटायला लागल्यावर पळून आला, त्याला मी पुन्हा नेलं. तो वाचला, बा. नुसता वाचला नाही, म्हातारा झाला, नातवंडांची लग्नं पाहिली. लोक म्हणत, बाई, सख्ख्या काकासाठी कुणी इतकं करत नाही. मी म्हणायची, कामच आहे माझं.

गेल्या दिवाळीनंतर तो गेला, वयानं, खोकल्यानं नाही. जायच्या थोडं आधी मला बोलावून घेतलं होतं. टोल्यावरची सगळी माणसं जमलेली. मी अंगणात शिरले तसा खाटेवरूनच जोहार केला आणि सुनेला म्हणाला, "बाईले चाय दे." मग सगळ्यांकडे बघून मोठ्यानं सांगायला लागला, जसा दर वेळी सांगायचा तसा: "इनं मले वाचवलं. इच्या बापाले वाचवता नाई आलं इले, तवा लहान होती बिचारी, कागदच खोटा आला होता. पण मले नाई मरू देलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून मी ते लिहू शकले. तुला सांगणं सोपं होतं, तू मेलेला आहेस. तो जिवंत होता, समोर होता, आणि चाळीस वर्षं होता. त्या दिवशी अंगणात मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, कौतुकानं लाजली. मी चहा पूर्ण प्यायले, आणि त्याला तसंच समजून मरू दिलं.