ऑल्बनीचा आराखडा आणि आईचे सहा महिने

बाबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि आज तुमची आठवण आली ती तुमच्या नातीच्या होमवर्कमुळे. इथे ट्रॉयमध्ये, ऑल्बनीच्या शेजारच्याच आमच्या गावात, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून ती ऑल्बनीच्या बैठकीवर प्रोजेक्ट करत होती. स्वातंत्र्याच्याही आधी इथल्या इंग्रजांच्या शेजारशेजारच्या वसाहतींचे पुढारी तिथे जमले, सगळ्यांनी एक व्हायचं म्हणून आराखडा ठरवला, आणि ज्याच्या त्याच्या घरच्या विधिमंडळानं तो केराच्या टोपलीत टाकला. "सो पॉइंटलेस, मम्मा," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटून वर गेली.

नागपूरच्या शाळेत हेच तुम्ही बाकं हलवून शिकवायचात. एकेक बाक म्हणजे एकेक वसाहत. एकदा तुमच्याच वर्गात मी आराखड्यावर ऐटीत पहिली सही ठोकते, तर तुम्ही माझा कागद वर्गासमोर धरून विचारता, "सही कोणाच्या वतीनं केलीस? बाकावरच्या मुलींना विचारलंस?" मी रडते. घरी आई माझी बाजू घेते. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

गेल्या उन्हाळ्यात आईचं ग्रीन कार्ड मंजूर झालं. मी दक्षिणेला, थंडी नावालाच असलेल्या शुगर लँडला दादाकडे गेले. दोघांनी बसून ठरवलं, ट्रॉयला बर्फ असतो म्हणून थंडीचे सहा महिने त्याच्याकडे, उन्हाळ्याचे माझ्याकडे. दादानं लगेच एक्सेल शीट केली, मी तिथूनच आईला फोन करून सांगूनही टाकलं. आठवड्याभरात दादाचा फोन. "तुझ्या वहिनीला नाही जमणार, यार. तू वर्षभर ठेव ना." इकडे माझा नवरा शांतपणे म्हणाला, "तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला कोणी विचारलं?" भांडण असं झालंच नाही. पण तेव्हापासून दादा आणि मी एकमेकांना फक्त वाढदिवसाचे मेसेज करतो. यातून आता काही निघणार नाही, हे मला कळून चुकलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी मी ते टपालात टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्ही वाचावं असं मला वाटत नाही. आज सकाळी आईचा फोन आला; ठरलेलं मोडलंय हे तिला अजून आम्ही कोणीच सांगितलेलं नाही. फ्लॅट रिकामा करायला घेतलाय म्हणाली, भांडी शेजारीपाजारी वाटून झालीत. मग विचारलं, "स्वेटर किती घेऊ गं?"

मी म्हटलं, "दोन घे."